थांबलं की दिसतो माळवा

माळवा हे नाव आपल्या सीमाभागातल्या वाचकांना तसं परकं नाही. शिंदे, होळकर आणि पवार ही तीन घराणी शाळेच्या इतिहासात भेटलेली असतात. ग्वाल्हेर आणि इंदूर कुणा ना कुणा नातेवाइकांमुळे ठाऊक असतात. पवारांची धार आणि देवास ही दोन गावं मात्र बहुतेकांच्या बाबतीत नकाशावरच राहतात. महाकालेश्वराच्या यात्रेला गेलेली आपली मंडळी रेल्वेनं इंदूरहून उज्जैनला जाताना देवास स्टेशन खिडकीतून बघतात, चहा घेतात आणि पुढं जातात. २०२४ च्या नोव्हेंबरात सुट्टीला थोडी रजा जोडून आम्ही चौघे मित्र मुद्दाम या दोन गावांसाठी सहा दिवस काढून गेलो. थोडी पायपीट आणि भरपूर फोटो, एवढाच बेत होता.

चौघांची टोळी

आमच्यातले दोघे, म्हणजे मी आणि आमचे रसायनशास्त्राचे सर, फोटोच्या नादाला लागलेले. पाचेक वर्षं रविवारी पहाटे कधी राजहंसगड, कधी वैजनाथचा डोंगर, पावसाळ्यात आंबोली असा आमचा सराव चालतो. विषय एकच, लँडस्केप. डोंगर, आभाळ, शेतं, पाणी. बक्षीस वगैरे काही मिळालेलं नाही, आणि घरच्यांच्या मते हा निव्वळ पेट्रोलचा खर्च आहे. तिसरे बँकेतले मित्र. त्यांना कॅमेऱ्याचं काही नाही, पाय मोकळे करायला वाट हवी. चौथे आमच्याच कॉलेजातले कन्नडचे सर. त्यांच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी, आणि स्टाफरूममध्ये दोन्हीचं मिळून जे काही तयार होतं ते. आपल्याकडं वेगळं सांगायला नको.

कन्नडच्या सरांबद्दल थोडं अधिक सांगितलं पाहिजे. पूर्वी राजहंसगडावर सगळ्यांच्या आधी तेच पोचायचे. मार्चमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट घातले. नोव्हेंबरपर्यंत प्रकृती चांगली सुधारली होती. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, सपाटीवर चाला म्हणाले, चढ मात्र हळू, आणि दम लागला की बसायचं. त्यांच्या पत्नींना आम्ही सगळे अक्का म्हणतो. निघताना त्यांनी कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली, गोळ्यांची पिशवी माझ्याकडं सोपवली आणि बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, "यांना 'मागं राहिलात' असं कुणी म्हणू नका हं."

सपाट मुलुखाची अडचण

सह्याद्रीच्या कुशीत फोटो काढायला शिकलेल्या माणसाला माळवा सुरुवातीला गोंधळात टाकतो. आपल्याकडं विषय शोधावा लागत नाही. कडा समोर उभा असतो, धुकं आपोआप येतं, एखादा बुरूज मधोमध असतो. माळवा म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवरचं पठार. नर्मदा ओलांडून, विंध्याचा घाट चढून वर आलं की डोंगर मागं पडतात आणि काळ्या जमिनीचं विस्तीर्ण अंगण सुरू होतं. आम्ही गेलो तेव्हा सोयाबीन निघाला होता, कुठं गहू-हरभऱ्याची पेरणी चालली होती, कुठं कोंब वर आले होते. कॅमेरा डोळ्याला लावला की निम्मं आभाळ, निम्मी माती. बँकवाले म्हणाले, "सर, यात काढायचं काय?"

प्रश्न रास्त होता. पण याच मुलुखात आपल्या देशातला एक थोर छायाचित्रकार घडला. राजा दीनदयाळ रुरकीहून शिकून १८६६ मध्ये इंदूरला आले ते सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला. १८७४ च्या सुमाराला त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला. पुढं १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारताचा दौरा करून त्यांनी किल्ले, मंदिरं, महाल टिपले आणि नंतर हैदराबादच्या निजामाच्या दरबारी मानाची जागा मिळवली. त्या काळी काचेच्या प्लेटा, लाकडी कॅमेरा, जड तिकाटणं, सगळं गाडीवर घालून न्यायचं. एका जागी मांडामांड केली की तिथून सहज हलता यायचं नाही. आज खिशातल्या मोबाइलवर मिनिटाला वीस फोटो निघतात, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सपाट मुलुखात उजेड हाच विषय असतो, हे आम्हांला पहिल्या दोन दिवसांत उमगत गेलं. भर दुपारी नांगरलेलं शेत म्हणजे नुसता काळा ठिपका. तेच शेत सकाळी सूर्य कासराभर वर असताना बाजूनं बघा. प्रत्येक सरीची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते, आणि जमिनीला एकदम पोत येतो. एखादं एकटं पळसाचं झाड, विहिरीवरचं खोपट, बांधावरून जाणारी बाई यांच्या लांब सावल्या पडतात आणि चित्राला खोली मिळते. त्यासाठी फार भारी सामान लागत नाही. आमच्याकडं कॅमेऱ्याबरोबर येणारे साधे १८-५५ चे लेन्स होते. आयएसओ १००, अॅपर्चर ८ ते ११ च्या दरम्यान, जवळची काहीतरी वस्तू चौकटीच्या खालच्या भागात, आणि कॅमेरा न हलवणं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला आधी परवानगी घ्यावी लागते, म्हणून आम्ही ज्वारी भरलेली एक छोटी थैली नेली होती. कठड्यावर थैली, थैलीवर कॅमेरा. ही युक्ती करून पाहा, उत्तम चालते.

एक गंमत सांगतो. माळव्याची काळी माती ज्या कातळापासून झाली, तो बेसॉल्ट म्हणजे आपल्याच दख्खनचा काळा दगड. लाव्हारसाचे थर थंड होऊन जे अफाट पठार तयार झालं, त्याचं उत्तरेकडचं अंगण माळवा, आणि दक्षिणेचा उंबरठा आपल्या बेळगावच्या आसपास. हे कळल्यावर परक्या मुलुखात आल्यासारखं वाटेनासं झालं.

मांडवच्या कड्यावर

धार जिल्ह्यातलं मांडू, आपल्या जुन्या कागदपत्रांतलं मांडवगड, हे या सहलीचं मुख्य ठिकाण. विंध्याचा एक भलामोठा तुकडा मूळ पठारापासून सुटून दक्षिणेला पुढं आलाय. मध्ये काकडा खोह नावाची खोल दरी. उंची साधारण ६३३ मीटर. भोवती कित्येक किलोमीटरचा तट, दिल्ली दरवाजापासून तारापूर दरवाजापर्यंत वेशी, आणि आत महाल, मशिदी, तलाव, शेतं, वस्त्या. परमारांचा हा गड पुढं माळव्याच्या सुलतानांची राजधानी झाला. होशंगशाहानं त्याला शादियाबाद, म्हणजे आनंदनगरी, असं नाव दिलं. १६१७ मध्ये बादशाह जहांगीर इथं मुक्कामाला होता, आणि पावसाळ्यातल्या मांडूची त्यानं आपल्या आठवणींत तोंडभरून स्तुती केली आहे. अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडं आला आणि मांडू धारच्या पवारांच्या ताब्यात गेलं.

पहिल्या सकाळी जहाज महाल. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध सुमारे ११० मीटर लांबीची ही दुमजली इमारत. पावसानंतर दोन्ही तलाव भरलेले असतात आणि नाव सार्थ होतं. सूर्य उगवल्यावर वाऱ्याची पहिली झुळूक येईपर्यंतच पाण्यात अख्ख्या महालाचं प्रतिबिंब राहतं. नंतर पाणी हललं की जहाज मोडतं. त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी पहाटे अंधारात उठावं लागतं. नंतर गावातल्या टपरीवर पोहे-जिलेबी. कन्नडच्या सरांच्या वाट्याला नुसते पोहे. जिलेबीच्या ताटाकडं त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्याचा फोटो काढायचा राहून गेला.

दुपारी रूपमती मंडपाकडं निघालो. गडाच्या अगदी दक्षिण टोकाला, कड्याच्या कडेवर ही वास्तू आहे. गाइड मंडळी बाजबहादूर आणि रूपमतीची कहाणी रंगवून सांगतात. रूपमतीला रोज नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणून ती इथं येत असे. १५६१ मध्ये अकबराचा सरदार आदमखान चालून आला, बाजबहादूर पळाला आणि रूपमतीनं विष घेतलं, इथपर्यंत ती कहाणी जाते. पण इमारत बघितली की कळतं, ही मुळात सैन्याची टेहळणीची चौकी. खाली निमाडच्या मैदानातून कुणी येतंय का, यावर डोळा ठेवायला बांधलेली, आणि पुढं टप्प्याटप्प्यानं वाढवलेली. गच्चीवरच्या छत्र्या नंतरच्या. म्हणजे एका जागी बसून दूरवर बघत राहणं हेच या वास्तूचं मूळ काम.

बँकवाल्यांना कड्याच्या कडेनं, तटाच्या अवशेषांवरून चालायचं होतं. रसायनवाले सर आणि मी त्यांच्याबरोबर निघालो, वाटेत चांगल्या जागा मिळतील म्हणून. वाट चढउताराची होती. कन्नडच्या सरांनी क्षणभर वाटेकडं पाहिलं आणि म्हणाले, "मी इथंच बसतो. तुम्ही जाऊन या, निवांत." मी माझा जुना कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि कठड्यावर ज्वारीची थैली ठेवून दिली.

आम्ही तिघे अडीच तास हिंडलो. झुडपांतून, पडक्या भिंतींवरून, शेळ्यांच्या मागनं. शे-दीडशे फोटो काढले. चांगले होते, पण बरेचसे सारखेच. परत आलो तेव्हा सूर्य नैर्ऋत्येला उतरत होता. सर त्याच जागी बसले होते. आम्ही "चला, खाली चहा घेऊ" म्हणालो तर त्यांनी हात वर केला. "स्वल्प तडीरी."

थोडं थांबा. आम्ही थांबलो. हजारेक फूट खाली निमाडचं मैदान धुरकट निळं झालं होतं. त्या धुरकटात दूरवर कुठंतरी नर्मदा असते म्हणतात, पण दुपारभर आम्हांला काही दिसली नव्हती. सूर्य आणखी खाली गेला आणि एका क्षणी मैदानाच्या पलीकडच्या कडेला चांदीची तार ओढल्यासारखी एक रेघ उजळली. पंधरा-वीस मिनिटं राहिली. मग तांबूस झाली आणि विझली. शेजारी उभी असलेली एक-दोन कुटुंबं आपसूक हात जोडून उभी राहिली.

रात्री खोलीवर कॅमेऱ्यातली चित्रं बघितली. सरांनी एकूण अकरा फोटो काढले होते. सगळे एकाच जागेवरून, थैली न हलवता, साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरानं. पहिल्यात मैदान फिक्कं आणि सपाट. चौथ्यात ढगाची सावली एका गावावर. सातव्यात कड्याची सावली पायथ्याच्या शेतांवर चढलेली. दहाव्यात नर्मदा. ओळीनं बघत गेलं की तो मुलूख श्वास घेतोय असं वाटायचं. रसायनवाले सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, हे तुमचे अकरा फोटो आमच्या पाच वर्षांना भारी आहेत."

कन्नडचे सर हसले. मग दिवा मालवल्यावर अंधारात म्हणाले, "मरणाची भीती मला ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाटली, ती गेली. नंतर दुसरीच धरून बसली. आपल्यासाठी सगळ्यांना थांबावं लागणार, आणि मग एक दिवस आपल्याला कुणी बोलावणारच नाही." त्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून न ठरवता एक नियम झाला. एक जण थांबला की सगळे थांबायचे.

दोड्ड हुणसे

त्या नियमाचा पहिला फायदा नीलकंठाला झाला. दरीच्या कुशीत पायऱ्या उतरून गेलं की हे ठिकाण येतं. अकबराच्या काळात बांधलेला महाल, आज तिथं महादेवाची पूजा होते. अंगणात दगडात कोरलेल्या नागमोडी पाटातून पाणी खेळवलंय. उतरणं सोपं, चढणं दमाचं. चढताना आम्ही चार वेळा बसलो. तिसऱ्या वेळी बसलो तिथून दरीच्या पलीकडच्या उतारावर एक भिल्ल आजी डोक्यावर मोळी घेऊन जाताना दिसल्या. कातळाच्या एवढ्या मोठ्या भिंतीवर तेवढीच एक हलणारी लाल रेघ. माझ्या या सहलीतला सगळ्यांत आवडता फोटो तोच.

आणखी एका जागी सरांनी सगळ्यांना थांबवलं. रस्त्याच्या कडेला ते अजस्र झाड होतं, बुंधा हत्तीच्या अंगासारखा, वर तुटपुंज्या फांद्या. मराठीत आपण त्याला गोरखचिंच म्हणतो. इथले लोक 'मांडू की इमली' म्हणतात आणि त्याची दुधी भोपळ्यासारखी फळं रस्त्यावर विकतात. आफ्रिकेतला हा वृक्ष शेकडो वर्षांपूर्वी व्यापारी आणि हबशी लोकांबरोबर इथं आला असावा असं मानतात. सर बघताक्षणी ओरडले, "अरे, ही तर सावणूरची दोड्ड हुणसे!" हावेरी जिल्ह्यात सावणूरला मठाच्या आवारात अशी तीन प्रचंड झाडं आहेत आणि तिथं त्यांना दोड्ड हुणसे, म्हणजे मोठी चिंच, असंच म्हणतात. आफ्रिकेतलं झाड, माळव्यात चिंच, कन्नडमध्येही चिंच. फळ चाखलं तर खरंच आंबट.

जेवणाचंही सांगून टाकतो. मांडूच्या बाजूला मक्याच्या पिठाचं पानिया मिळतं. पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, वर डाळ. इंदूर-देवासकडं दाल-बाफला. बाफला तुपात बुडवून देतात, आम्ही एकाचा कोरडा मागितला तेव्हा वाढपी अगदी दुःखी झाला.

धारची दुपार

मांडूहून धार सुमारे ३५ किलोमीटर. भोज राजाची ही नगरी, आणि पुढं पवारांची राजधानी. गावालगतच्या टेकाडावरचा लाल दगडाचा किल्ला आम्ही भर दुपारी पाहिला. फोटोच्या दृष्टीनं वेळ अगदी वाईट, म्हणून कॅमेरे पिशवीत ठेवून नुसते फिरलो. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई संकटकाळात इथं आश्रयाला होत्या आणि शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांचा जन्म १७७५ मध्ये याच किल्ल्यात झाला. शनिवारवाड्याच्या इतिहासाचा एक धागा इतक्या दूर बांधलेला आहे हे जागेवर उभं राहिल्यावर जास्त जाणवतं. तटावरून गाव, तळी आणि त्यापलीकडं पुन्हा तेच सपाट माळवं.

दोन पात्यांचं देवास

धारहून इंदूरमार्गे देवास. हे गाव मोठं मजेशीर. १७२८ च्या सुमाराला तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी इथं अंमल बसवला आणि पुढं एकाच गावात दोन संस्थानं झाली. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. हद्द गावातूनच जायची. सीमाप्रश्नाची सवय असलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही!

गावाच्या मधोमध सुमारे तीनशे फूट उंचीची टेकडी आहे. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, लोकांच्या भाषेत बडी माता आणि छोटी माता. याच टेकडीवरून इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी आपल्या पुस्तकाला 'द हिल ऑफ देवी' हे नाव दिलं. ते १९१२-१३ मध्ये देवासला येऊन गेले आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खासगी सचिव म्हणून काही महिने राहिले. पुस्तक १९५३ मध्ये निघालं. कोल्हापूरशी तर देवासचं नातं अगदी घरचं. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब याच तुकोजीरावांना दिल्या होत्या, आणि त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर शहाजी छत्रपती म्हणून दत्तक आले.

टेकडीवर जायला पायऱ्या आहेत, आता रोपवेही आहे. आम्हांला सूर्योदय हवा होता, म्हणून पहाटे पायऱ्यांनीच निघालो, नेमानुसार थांबत थांबत. एका वळणावर नऊवारी नेसलेल्या एक आजी देवीला निघाल्या होत्या. आमचं बोलणं ऐकून थांबल्या. "तुम्ही दक्षिणेकडचे का? बरं झालं, लवकर चढून घ्या, मग ऊन लागून येतं." त्यांच्या मराठीला हिंदीचा हेल, आमच्या मराठीला कन्नडचा. कन्नडच्या सरांनी विचारलं, "आजी, तुम्ही रोज चढता?" त्या म्हणाल्या, "रोज. पण बसून बसून. देवी कुठे पळून चालली आहे?" सर वर पोचेपर्यंत तेच वाक्य पुटपुटत होते.

वरून चारी बाजूंना माळवा दिसतो. खाली गावाची छपरं, बँक नोट प्रेसचं आवार, कारखान्यांच्या चिमण्या, आणि क्षितिजावर जामगोदराणीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या. लँडस्केप काढणाऱ्यांना वीजतारा, चिमण्या, टाक्या चौकटीबाहेर ढकलायची सवय असते. त्या सकाळी आम्ही त्या आत राहू दिल्या. आजचं देवास तेच आहे.

सुळेभावीचा मुलगा

टेकडीच्या पायथ्याशी, माताजींच्या रस्त्यावर, 'भानुकुल' नावाचं घर आहे. पंडित कुमार गंधर्वांचं. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. जन्म ८ एप्रिल १९२४, आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरची भाषा कन्नड, गाण्याची तालीम मुंबईत बी. आर. देवधर यांच्याकडं, संसार मराठी, आणि गाणं माळव्याचं. आम्ही गेलो ते त्यांचं जन्मशताब्दीचं वर्ष होतं. कुटुंबाचं राहतं घर, त्यामुळं आम्ही बाहेरूनच नमस्कार केला. कन्नडचे सर फाटकाशी उभे राहून हळूच म्हणाले, "नम्मूर हुडुग." आमच्या गावचा पोरगा.

१९४८ च्या सुरुवातीला ते देवासला आले ते क्षयरोगी म्हणून. कोरडी हवा मानवेल, असं डॉक्टरांचं मत. वय तेविशीचं, देशभर नाव झालेलं, आणि गायला बंदी. जवळपास पाच वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. पत्नी भानुमतीबाईंनी इथल्या शाळेत नोकरी करून घर चालवलं आणि सेवाही केली. पडल्या पडल्या कुमारांच्या कानावर रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची गाणी पडत, लग्नाची, पावसाची, देवीची. नाथपंथी फिरस्त्यांची भजनं पडत. ते ऐकत राहिले. पुढं स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध झालं, ते उठले आणि १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी. लांब दमाचे पल्ले शक्य नव्हते, तर छोट्या दमाचं, टोकदार, स्वतःचं गाणं त्यांनी घडवलं. माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग आले. 'गीतवर्षा' सारख्या ऋतूंच्या मैफली आल्या. १२ जानेवारी १९९२ ला देवासलाच त्यांनी देह ठेवला.

मला राहून राहून वाटलं, माळव्याचं सगळ्यांत पूर्ण लँडस्केप या माणसानं टिपलं, आणि तेही खाटेवरून न उठता. आजारपण चांगलं असतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. ते औषधानं उठले, आमचे सर स्टेंटमुळं उभे आहेत, आणि भानुमतीबाई १९६१ मध्ये गेल्या ते दुःख कुठल्याही गाण्यानं भरून निघण्यासारखं नव्हतं. पण सक्तीनं मिळालेला वेळ त्यांनी ऐकण्यात घातला, हे खरं. आम्ही फोटोवाले एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर धावतो. मुलूख आपल्याकडं बघायला लागतो तो आपण बसल्यावर.

फाटकाशी उभे असताना सरांनी बोटांवर हिशेब केला. "पाच वर्षं. मी आठ महिन्यांत कंटाळलो होतो, सर." मग त्यांनी खिशातून फोन काढला, अक्कांना लावला आणि कन्नडमध्ये टेकडी कशी चढलो, कुठं कुठं बसलो, ते सगळं सविस्तर सांगितलं. आम्ही तिघे चहाच्या टपरीवर थांबलो. बोलणं लांबलं. कुणालाच घाई नव्हती.

परत आल्यापासून रविवारचा सराव बदललाय. राजहंसगडावर एकच जागा धरायची, दोन तास बसायचं, दहा-बारा फोटो काढायचे. बँकवाले तेवढ्यात गडाला दोन फेऱ्या मारून येतात. एका रविवारी सुळेभावीलाही जाऊन आलो. बेळगावहून तासाभराच्या आतलं गाव, रेल्वे स्टेशनही आहे. आमच्या चौघांपैकी तिघे तिथं पहिल्यांदाच उतरले.

जाणाऱ्यांसाठी

बेळगावहून पुणे आणि पुण्याहून रेल्वेनं इंदूर हा सोपा मार्ग. मोटारीनं नाशिक, धुळे, सेंधवा असा आग्रा रस्ता. इंदूरहून धार साधारण ६५, मांडू १०० आणि देवास ३५ ते ४० किलोमीटर. मांडूला किमान दोन रात्री ठेवा. पावसाळ्यात मांडू हिरवंगार आणि ढगांत असतं, पण नर्मदा बघायची तर पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी. मांडूच्या वास्तू सूर्योदय ते सूर्यास्त उघड्या असतात. ट्रायपॉड आणि ड्रोनसाठी परवानगी लागते. सकाळी आणि रात्री गारठा असतो, स्वेटर न्या. नवरात्रात देवासच्या टेकडीवर प्रचंड गर्दी होते, फोटोसाठी ती वेळ टाळा, दर्शनासाठी तीच धरा. घरातल्या ज्येष्ठांना सोबत न्यायला काहीच हरकत नाही. रूपमती मंडपापर्यंत गाडीरस्ता जातो, शेवटचा चढ थोडासाच आहे, आणि वाटेत बसायला जागा भरपूर आहेत.